खुडूक

शेवरोले उभी होती कुडतरीला, निरफणसाखाली,
चाकांच्या जागी चार चिरे,
हौद्यात कुजका पाला, दाराच्या खालच्या कडेतून
बोट आरपार जात होतं.
प्रेसिओझाबाय व्हरांड्यातूनच म्हणाल्या,
"सगळें आसा. फकत चलना."

मी डिचोलीच्या आयटीआयत पोरांना फिटरकाम शिकवते.
'फकत'चा भाव मला ठाऊक आहे.

बॉनेट उघडायला दोन पाने आणि एक शिवी लागली.
आत सहा सिलिंडर, मुंग्यांचं वारूळ,
डायनॅमोच्या जागी डायनॅमोएवढी हवा.
पंख्याला हात घालून जोर लावला.
पंखा हलला नाही, मी हलले.

त्यांनी ऐंशी सांगितले. मी तीस.
मध्ये चहा आला, दोदोल आला,
नवऱ्याचा फोटो आला, कास्मिरचा:
याच हौद्यात, नारळांच्या ढिगावर, एका पायात चप्पल.
पंचेचाळीसपाशी येऊन पाचशेला अडलो.
हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं.
शेपूट शेवटी मीच ओढलं.

"पूण एक आसा," म्हणत त्यांनी ड्रायव्हरचं दार
दोन बोटांनी उघडलं.
सीटच्या उसवलेल्या काथ्यात खुडूक कोंबडी.
पोटाखाली अकरा अंडी.
"पिलां भायर येतकच व्हर. ताचे आदीं ना."

बसून पाच दिवस झालेले; उरले सोळा.
भाऊ फोनवर हसला: गाडी घेतलीस की अंडी?
फोंड्याचा क्रेनवाला म्हणाला, कोंबडीसकट उचलतो की.
पण शंभराच्या स्टॅम्पपेपरवर मी लिहून दिलं होतं,
रक्कम, चासी नंबर,
आणि माझ्याच अक्षरात: 'पिल्ले निघेपर्यंत.'

मधले दोन रविवार तीन-तीन बस बदलून गेले.

पहिल्या रविवारी प्लग काढले. हातोडा वर्ज्य.
रॉकेल आणि ऑइल, निम्मं निम्मं,
भोकाभोकातून ओतलं, जसं आजारी माणसाला
चमच्यानं पेज देतात, थांबत थांबत.
कोंबडी काचेतून बघत होती, एका डोळ्यानं.
दुसरा तिला आतल्या कामाला लागत असावा.

दुसऱ्या रविवारी खाली पाठीवर लोळून चासी खरवडली.
खाणीची लाल माती,
तिच्याखाली मिठाची खपली,
खाली कुणीतरी ब्रशनं फासलेला काळा,
आणि त्याच्याही खाली हिरवा, नखाएवढा.
प्रेसिओझाबाय खुर्ची घेऊन आल्या.
"तोच," म्हणाल्या. "लग्नाला ह्याच गाडीतून आले.
पुढे सासू बसली.
मी मागे उभी, डोक्यावरची जाळी दोन्ही हातांनी धरून,
वायंगणातली माणसं कमरेतून सरळ होऊन बघत होती."
मग बराच वेळ गप्प.
मला वाटलं, आता रंगाची अट घालणार.
त्या म्हणाल्या, "सासूला गाडी लागायची."
आणि खुर्ची हलेपर्यंत हसल्या.

मंगळवारी फोन: नऊ निघाली.
एक मुंगसानं नेलं. एक तसंच.

क्रेननं उचलली तेव्हा
जमिनीवर चार पांढुरके चौकोन राहिले
आणि एक पाना, गंजून मातीचा झालेला, कास्मिरचा असणार.
तो मी विचारून घेतला.
कोंबडी फाटकापर्यंत गाडीमागे धावत आली,
मग काहीतरी आठवल्यासारखी परत फिरली.

आता शेडमध्ये आहे. भाऊ रोज एकदा
तिच्याभोवती फिरतो, काही बोलत नाही.
सीट काढताना स्प्रिंगांत ते अंडं सापडलं,
गार, अपेक्षेपेक्षा जड.
टाकायचं राहून गेलं आहे; कार्बोरेटरच्या डब्यात आहे.

काल रात्री जेवून हात धुतले, आणि धुतल्या हातांनी
सहज पंखा धरला.

गेला.
किती गेला म्हणून खडूची खूण करून पट्टी लावली:
अर्धा इंच. किंचित कमीच.
मग पुन्हा अडला.
मी आणखी रॉकेल ओतलं.